पापणीवरचा लाल दाणा आणि मंगळवारची ओपीडी

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या त्वचारोगांची ओपीडी दर मंगळवारी भरते आणि तान्ह्या बाळांच्या अंगावर येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठीही तेथेच तपासल्या जातात. आमच्या मुलीवर या ओपीडीत सव्वा वर्ष उपचार झाले. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे मांडलेल्या तक्रारी एकतर्फी आहेत आणि त्यांना उत्तर देण्याची संधी त्या लोकांना मिळालेली नाही. शिवाय वाचणाऱ्याला नावापेक्षा अशा ठिकाणी गेल्यावर काय मागावे आणि काय तपासून घ्यावे, हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आतल्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे काम उत्तम आहे, औषध स्वस्त आणि गुणकारी आहे. पण त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी भेटीच्या तारखांची व्यवस्था या आजाराच्या चालीशी जुळणारी नाही, आणि या आजारात तो दोष किरकोळ ठरत नाही.

मुलगी पस्तिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन २ किलो १०० ग्रॅम होते. जन्मली तेव्हा पापणीवर काहीही नव्हते. दहाव्या-बाराव्या दिवशी डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर एक फिकट ठिपका आणि त्यात लाल सुतासारख्या दोन-तीन रेषा दिसल्या. डास चावला असेल, नख लागले असेल, असे म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. महिन्याची झाली तेव्हा तेथे मसुरीच्या डाळीएवढा लाल उंचवटा होता आणि सहाव्या आठवड्याच्या लसीला गेलो तेव्हा डाळिंबाचा दाणा. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी तो दुरून पाहिला आणि सांगितले, “जन्मखूण आहे, आपोआप जाईल, वर्षभर काही करू नका.”

हे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. अशा डागाला वैद्यकात इन्फन्टाइल हेमँजिओमा म्हणतात आणि तान्ह्या बाळांच्या मऊ ऊतींमध्ये होणाऱ्या निरुपद्रवी गाठींपैकी ही सर्वांत जास्त आढळणारी आहे. साधारणपणे शंभरात चार ते पाच बाळांना ती होते. मुलींना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आणि कमी वजनाच्या बाळांना अधिक होते, म्हणजे आमची मुलगी तिन्ही रकान्यांत बसत होती. ही गाठ कर्करोगाची नसते, ती आधी वाढते, मग थांबते आणि मग काही वर्षांत हळूहळू ओसरते. पाठीवर, दंडावर, पोटावर असलेल्या बहुतेक गाठींना खरोखरच काहीही करावे लागत नाही. पण पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर किंवा हनुवटी-जबड्याच्या पट्ट्यात ती असेल, तर “आपोआप जाईल” यापेक्षा “जाण्याआधी ती काय करून ठेवील” हा प्रश्न मोठा होतो. पापणीवरची गाठ बाहुली झाकते किंवा नुसत्या दाबाने बुबुळाचा गोलवा बिघडवते. त्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्र मिळत नाही आणि मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आळशी डोळा म्हणतात तो हाच. गाठ चौथ्या-पाचव्या वर्षी विरघळून गेली, तरी तोवर डोळ्याचे झालेले नुकसान तिच्याबरोबर विरघळून जात नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. ही गाठ सर्वांत जोराने पहिल्या तीन महिन्यांत वाढते आणि पाच महिन्यांपर्यंत तिची बहुतेक वाढ पूर्ण झालेली असते. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, ज्या गाठींपासून धोका संभवतो त्या बाळांना एक महिन्याच्या वयातच तज्ज्ञांना दाखवावे असे म्हटले आहे. आम्ही आधीच उशीर केलेला होता.

सातव्या आठवड्यात, जेव्हा दाणा चिंचोक्याएवढा झाला आणि पापणी दुपारनंतर खाली उतरू लागली, तेव्हा मी या रुग्णालयाला फोन केला. फोन उचलणारी मुलगी अतिशय सौजन्याने बोलली. तिने नाव, मोबाइल क्रमांक आणि “पहिल्यांदाच येताय का?” एवढे विचारले आणि १९ दिवसांनंतरची तारीख दिली. मी डोळ्याविषयी सांगू लागलो, तेव्हा ते डॉक्टरांना सांगा, असे ती म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर तेवढेच रकाने होते. पण चाळीस वर्षांच्या माणसाच्या खाजेसाठी १९ दिवस म्हणजे गैरसोय, आणि सात आठवड्यांच्या बाळाच्या पापणीवरच्या गाठीसाठी १९ दिवस म्हणजे तिच्या वाढीच्या हंगामाचा मोठा तुकडा. बाळ किती आठवड्यांचे आहे आणि डाग कुठे आहे, असे दोनच प्रश्न त्या फोनवर विचारले जात असते, तर भेटीच्या यादीत कोणाला पुढे घ्यायचे हे शिपायालाही ठरवता आले असते.

आम्ही तारखेची वाट पाहिली नाही. पुढच्याच मंगळवारी सकाळी साडेसात वाजता जाऊन केसपेपर काढला आणि विनाभेट आलेल्यांच्या रांगेत बसलो. येथे पहिली चांगली गोष्ट घडली. दहाच्या सुमारास एक निवासी डॉक्टर बाकांमधून केसपेपर गोळा करत होती. तिने बाळाच्या डोळ्याकडे पाहिले, झोपलेल्या बाळाची पापणी बोटाने हळूच वर केली आणि “मम्मी, तुम्ही बाळाला घेऊन आत चला,” असे म्हणाली. बाहेरची व्यवस्था १९ दिवस थांबायला सांगत होती आणि आतल्या माणसाला सव्वा मिनिट पुरले.

तपासणीविषयी सविस्तर लिहिण्यासारखे आहे, कारण चांगली तपासणी कशी असते हे मला त्या दिवशी कळले. वरिष्ठ डॉक्टरांनी पापणी सोडून भलतीकडूनच सुरुवात केली. बाळाचे सगळे कपडे, लंगोटसुद्धा, काढायला लावले आणि टाळूपासून तळपायापर्यंत, केसांत, कानामागे, काखेत, जांघेत, माकडहाडावर एकेक जागा पाहिली. त्या प्रत्येक जागेचे कारणही सांगत होत्या. अंगावर असे पाच किंवा अधिक डाग असतील तर यकृतातही गाठी असू शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी करतात. कमरेच्या खाली मध्यरेषेवर मोठा डाग असेल तर खालचा मणका तपासावा लागतो. हनुवटी आणि गळ्याच्या पट्ट्यात असेल, तर श्वासनलिकेतही गाठ असण्याची शक्यता असते, म्हणून त्यांनी बाळ रडत असताना श्वासाचा आवाज कान देऊन ऐकला. मग पापणीकडे वळल्या. दाणा बोटाने दाबला, तो फिका पडून पुन्हा भरला. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी शेजारी धरून लांबी-रुंदी मोजली आणि पट्टीसकट फोटो काढला. हाच फोटो पुढे प्रत्येक वेळी, त्याच बाजूने, त्याच पट्टीसह काढला गेला, आणि उपचार लागू पडत आहेत की आम्हाला नुसते तसे वाटते आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या फोटोंच्या ओळीने दिले.

सुई घालून तुकडा काढावा लागेल का, या आमच्या भीतीवर त्यांनी सांगितले की या गाठीचे निदान बहुधा डोळ्यांनी आणि इतिहासाने होते. जन्मतः नव्हती, नंतर आली आणि वाढली, हा इतिहासच निर्णायक असतो. जन्मतःच पूर्ण वाढलेली गाठ वेगळ्या जातीची असते. जांभळट-लाल, सपाट आणि मुलाबरोबर त्याच प्रमाणात वाढत जाणारा डाग म्हणजे रक्तवाहिन्यांच्या रचनेतलाच दोष असतो आणि तो आपोआप जात नाही. १९८२ सालापर्यंत या सगळ्यांना सरसकट एकाच नावाने ओळखत. त्या वर्षी मलिकन आणि ग्लोवाकी यांनी पेशींच्या वाढीवरून गाठी वेगळ्या आणि रचनेतले दोष वेगळे, अशी विभागणी मांडली. तरीही तीनही गोष्टींना घरोघरी आजही जन्मखूणच म्हणतात, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते.

त्या दिवशी आमच्या आधी आत गेलेल्या कुटुंबाच्या तीन आठवड्यांच्या मुलाच्या मानेत, एका बाजूच्या स्नायूत, टणक गाठ होती आणि ते मुंबईला शस्त्रक्रियेची चौकशी करून आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले की ती स्नायूतलीच गाठ असून बहुतेक बाळांना मान वळवण्याच्या व्यायामाने बरे वाटते, म्हणून त्यांना फिजिओथेरपीकडे पाठवले आहे. काही करू नये अशा जागी काही न करणे, हेही या विभागाचे कसब आहे, असे मला वाटते.

माझी आईही बरोबर होती. डाग दिसल्यापासून घरात एक वाक्य दबक्या आवाजात फिरत होते: सातव्या महिन्यात ग्रहण होते आणि सूनबाईने त्या दिवशी भाजी चिरली. आई ते तोंडावर कधी बोलली नाही, पण माझ्या पत्नीला ते माहीत होते आणि रात्री बाळाला पाजताना ती त्या पापणीकडे कशी पाहत असे, तेही मला माहीत होते. डॉक्टरांनी “काही विचारायचे आहे का?” असे म्हटल्यावर आईने ग्रहणाचेच विचारले. त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. “आजी, त्या दिवशी किती जणींनी भाजी चिरली असेल आणि किती बाळांना डाग आला?” असे त्यांनी विचारले आणि मग सांगितले की या गाठीच्या रक्तवाहिन्यांवर एक विशिष्ट प्रथिन असते आणि तेच बाळाच्या वारेतील रक्तवाहिन्यांवरही सापडते; ते नेमके का, याचा शोध शास्त्रज्ञ अजून घेत आहेत. आईला प्रथिनाचे कितपत कळले हे सांगता येणार नाही, पण “वार” हा शब्द तिच्या ओळखीचा होता. घरी आल्यावर तिने ग्रहणाचा विषय पुन्हा काढला नाही आणि शेजारच्या काकूंनी बिब्ब्याचा डाग द्यायला सुचवले, तेव्हा त्यांना तिनेच परतवून लावले. बिब्बा कातडी जाळतो. पापणीवर त्याने काय झाले असते याचा विचारही नको. केसपेपरच्या तीस रुपयांत ही दोन मिनिटे मिळाली, आणि माझ्या लेखी या ओपीडीची सर्वांत मोठी सेवा तीच होती.

उपचार ठरला तो प्रोप्रानोलोल. नाव ऐकून मी चमकलो, कारण ही गोळी आमच्या घरात आधीपासून होती; आईचे हात थरथरतात त्यासाठी ती रोज घेते. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयविकारासाठी शोधलेले हे औषध, आणि त्यांना १९८८ साली नोबेल मिळाले ते अशाच संशोधनासाठी. बाळांच्या गाठींशी त्याचा संबंध जुळला तो निव्वळ योगायोगाने. फ्रान्समधील बोर्दो येथे डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्याकडे नाकावर हेमँजिओमा असलेले एक बाळ होते. त्याला दिलेल्या स्टेरॉइडमुळे हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रानोलोल सुरू केले, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट होऊन ती मऊ पडलेली दिसली. २००८ साली त्यांनी अकरा मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. २०१५ साली ४६० बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सहा महिने औषध घेतलेल्या गटात ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली आणि नुसते औषधासारखे दिसणारे द्रव्य घेतलेल्या गटात ४ टक्के बाळांची. त्याआधी स्टेरॉइड हाच मुख्य उपाय होता आणि त्याने चेहरा सुजणे, रक्तदाब चढणे, वाढ मंदावणे हे सगळे ओघानेच येई. लहान आणि वरवरच्या गाठींसाठी याच कुळातल्या टिमोलोलचे डोळ्यांत घालायचे थेंब त्वचेवर लावतात, पण आमची गाठ त्या मापाच्या पलीकडे गेलेली होती.

पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना ते पाच आठवडे वजा करतात, म्हणजे वैद्यकाच्या हिशेबाने आमची मुलगी जेमतेम अडीच आठवड्यांची होती. एवढ्या लहान बाळाला पहिला डोस घरी देत नाहीत. दोन दिवसांनी आम्ही तिला दाखल केले. ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी आणि साखर तपासून पहिला डोस दिला, आणि त्यानंतर एका तासाने व दोन तासांनी नाडी आणि रक्तदाब मोजला. रक्तदाबाचा बाळाच्या मापाचा पट्टा त्या वॉर्डात एकच होता. तो शेजारच्या विभागात गेलेला असल्यामुळे वॉर्डबॉय मामा धावत जाऊन घेऊन आले. डोस दर किलो वजनामागे दिवसाला १ मिलिग्रॅमपासून सुरू करून २ मिलिग्रॅमपर्यंत नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने मला खिडकीशी बोलावले. भडक लाल दाणा जुन्या जांभळासारखा मळकट झाला होता आणि बोट लावल्यावर पूर्वीसारखा ताठ लागत नव्हता. बोर्दोत जे दिसले होते, तेच आमच्या खिडकीत दिसत होते.

डिस्चार्जच्या वेळी मात्र ढिलाई झाली. कार्ड सगळे इंग्रजीत होते आणि औषधासमोर नुसते “३.४ दिवसातून दोनदा” असे लिहिले होते, मिलिग्रॅम की मिलिलिटर, याचा पत्ता नव्हता. दहा मिलिग्रॅमची गोळी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवायची असल्यामुळे दोन्ही आकडे एकच येत होते आणि अनर्थ टळत होता, पण तो गणिताच्या कृपेने. घराजवळच्या औषधाच्या दुकानात दहाची गोळी शिल्लक नव्हती. दुकानदाराने चाळीसची पट्टी पुढे केली आणि “चार तुकडे करा साहेब, तेच आहे,” असे सांगितले. चाकूने केलेले चार तुकडे कधी सारखे होत नाहीत. शिवाय एखाद्या रात्री जागरणाने डोळे मिटत असताना मी अख्खी गोळी दहा मिलिलिटर पाण्यात टाकली असती, तर ३.४ मिलिलिटरमधून मुलीच्या पोटात चौपट औषध गेले असते. मी तीन दुकाने हिंडून दहाचीच गोळी आणली. ज्या औषधात चूक इतकी सोपी आहे, ते तयार द्रावणाच्या रूपात रुग्णालयाच्या औषधालयातूनच मिळायला हवे. ते शक्य नसेल, तर निदान गोळीची ताकद कार्डावर ठळक अक्षरांत लिहावी.

या उणिवेची भरपाई वॉर्डातल्या एका सिस्टरने केली. त्या सोलापूरच्या. त्यांनी कार्ड उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. पहिलीच ओळ होती: “दूध नाही, तर औषध नाही.” हे औषध नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरवते, पण तान्ह्या बाळात सर्वांत मोठी धास्ती साखर उतरण्याची असते, कारण उपाशीपोटी यकृतातून साखर सोडण्याची शरीराची तजवीज हे औषध अडवते. म्हणून डोस पोटभर दूध पिण्याच्या वेळीच द्यायचा, रात्री फार मोठा उपास पडू द्यायचा नाही, आणि बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा छातीत घरघर असेल तर डोस थांबवून फोन करायचा. औषध दिल्यावर बाळाने थुंकून टाकले तर पुन्हा द्यायचे नाही, ही दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत भलती झोप, थंड घाम आणि अंगाची थरथर ही साखर उतरल्याची लक्षणे होती. चौथ्या ओळीत वॉर्डाचा फोन क्रमांक. सिरिंजमध्ये बुडबुडा राहू न देता औषध कसे ओढायचे आणि गालाच्या आतल्या बाजूने थेंब थेंब कसे सोडायचे, हे त्यांनी मला करून दाखवले, मग माझ्याकडून दोनदा करून घेतले, आणि दुसऱ्यांदा मी बुडबुडा ठेवल्यावर “बाबा, परत,” असे म्हणाल्या. तो कागद अजूनही आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

फोन क्रमांकाची परीक्षा मुलगी पाच महिन्यांची असताना झाली. रात्री दहाच्या सुमारास तिला खोकला लागला आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. प्रोप्रानोलोलने श्वासनलिका आकसू शकतात, हे आम्हाला सांगितलेले होते. वॉर्डातल्या सिस्टरने दुसऱ्या घंटेला फोन उचलला, निवासी डॉक्टरला जोडून दिला, आणि त्यांनी डोस थांबवून बाळाला लगेच घेऊन यायला सांगितले. औषध चार दिवस बंद राहिले आणि छाती साफ झाल्यावर पुन्हा सुरू झाले. दिवसा ज्या रुग्णालयाचा फोन १९ दिवसांची तारीख देतो, त्याच रुग्णालयाचा रात्रीचा फोन इतका तत्पर असावा, याचे मला अजून नवल वाटते.

डोळ्यांचा विभाग दुसऱ्या इमारतीत आहे. तेथे थेंब घालून बाहुली मोठी करून नंबर काढला, तेव्हा डाव्या डोळ्यात अडीचचा सिलिंड्रिकल, म्हणजे बुबुळाच्या बिघडलेल्या गोलव्याचा, नंबर निघाला. उजव्यात जवळजवळ काहीच नव्हता. गाठीच्या दाबाची ही सही. उजव्या डोळ्यावर रोज एक तास पट्टी लावायला सांगितली, म्हणजे डाव्याला काम करावेच लागते. पट्टी ओढून काढण्याइतके हात चालू होईपर्यंत हे सोपे गेले, नंतर नाही. आठव्या महिन्यात डाव्या डोळ्याचा नंबर एकवर आला. या विभागाचे काम चोख आहे, पण त्याचा केसपेपर वेगळा, रांग वेगळी आणि तारीख कायम वेगळी. त्वचेच्या ओपीडीने काढलेले फोटो डोळ्यांच्या डॉक्टरांना माझ्याच मोबाइलवर दाखवावे लागत.

डोस दर महिन्याला नव्या वजनाप्रमाणे वाढवायचा असतो. एकदा नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरांनी मागच्या महिन्याच्या वजनावरच हिशेब केला होता. टेबलाशी बसलेल्या सिस्टरने ते पकडले. माझी एवढीच सूचना आहे की आई-वडिलांनी वजन आणि डोस स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावे आणि गुणाकार स्वतः करून पाहावा. कोणी रागावत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. महिन्याच्या गोळ्यांना दहा-वीसच्या काही नोटा पुरतात. जो खर्च झाला तो दाखल होण्याचा आणि तपासण्यांचा. तुलनेसाठी सांगतो की सुरुवातीच्या घबराटीत आम्ही एका सौंदर्योपचाराच्या दवाखान्यातही डोकावलो होतो आणि तेथे पापणीकडे नीट न पाहताच सहा बैठकांचे लेझरचे पॅकेज सांगितले गेले होते. लेझर मागे उरणाऱ्या बारीक लाल रेषांसाठी वापरतात. जोमाने वाढणाऱ्या, खोलवर गेलेल्या गाठीसाठी तो पहिला उपाय नव्हे, हे आम्हाला मंगळवारच्या ओपीडीतच कळले.

औषध तेराव्या महिन्यात, काही आठवडे हळूहळू कमी करत बंद केले. बंद केल्यावर काही बाळांत गाठ पुन्हा फुगते, हे आधीच बजावलेले होते, आणि आमच्याही बाबतीत तिसऱ्या आठवड्यात रंग थोडा चढला. डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवला, पट्टीवरचे माप सारखेच आहे हे दाखवले आणि थांबायचे ठरवले; महिन्याभरात रंग उतरला. आज मुलगी दीड वर्षाची आहे. पापणी दोन्ही डोळ्यांवर सारखी उघडते. गाठीच्या जागी कातडी किंचित सैल आहे आणि उन्हात जवळून पाहिले तर दोन-तीन लाल सुते दिसतात, म्हणजे दहाव्या दिवशी जी दिसली होती तशीच.

भेटीच्या तारखेविषयीची तक्रार मी रुग्णालयाच्या अभिप्राय-पेटीत दोनदा लेखी टाकली आहे आणि फोनवर विचारायचे दोन प्रश्नही लिहून दिले आहेत. उत्तर आलेले नाही. मागच्या आठवड्यात पुढच्या तपासणीच्या तारखा मिळाल्या: त्वचेसाठी मंगळवार आणि डोळ्यांसाठी त्याच आठवड्यातला गुरुवार.